कॉर्नेलिया सोराबजी : नाशिकहून ऑक्सफर्डला

परदेशी विद्यापीठात कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी निघालेल्या मुलामुलींच्या घरी मे-जूनपासूनच एक वेगळी धांदल सुरू होते. प्रवेशाचे पत्र आलेले असते. पण बँकेचे कर्ज, व्हिसाचे कागद, शिष्यवृत्तीची वाट पाहणे, राहण्याची सोय, लोकरीचे कपडे आणि आईने बांधून दिलेला मसाल्याचा डबा, अशा गोष्टी संपता संपत नाहीत. आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबांना हा अनुभव आता नवा राहिलेला नाही. अशी तयारी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका नाशिकात जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या ख्रिस्ती तरुणीने केली होती. त्या वेळी तिच्यासाठी ना शिष्यवृत्ती होती, ना पदवी मिळण्याची शाश्वती, ना परत आल्यावर वकिली करण्याची परवानगी. ती तरुणी म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी. भारतातील पहिल्या स्त्री वकील म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, परंतु ऑक्सफर्डला जाण्यापूर्वीची आणि तेथील परीक्षेपूर्वीची त्यांची धडपड फारशी कोणी सांगत नाही.

कॉर्नेलियांचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी हे मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली आणि त्यापायी स्वकीयांचा रोष पत्करला. पुढे ते अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीचे कार्यकर्ते झाले. आई फ्रान्सिना यांना बालपणी फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने दत्तक घेतले होते. या दांपत्याला अनेक मुली आणि एक मुलगा. मुलींच्या जन्माने ज्या काळी घरात शांतता पसरे, त्या काळी या घरात मुलींच्या शिक्षणाचा विचार मुलाच्या शिक्षणाइतकाच गांभीर्याने होत असे. फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केले. तेथे हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती आणि युरोपीय मुले एकाच वर्गात बसत. कॉर्नेलियांच्या भगिनींपैकी सुसी यांनी पुण्यात सेंट हेलेनाज ही शाळा उभारली आणि ॲलिस या डॉक्टर झाल्या.

कायद्याचे बीज आईच्याच दिवाणखान्यात पडले. गुजरातमधील एक सधन विधवा एकदा फ्रान्सिनाबाईंकडे रडत आली. ती पडदानशीन होती आणि तिच्या मालमत्तेचा सारा कारभार एक पुरुष कारभारी पाहत असे. त्याने पुढे केलेल्या कागदावर तिने विश्वासाने सही केली. आपण सर्व मिळकतच त्याच्या नावे करून दिली, हे तिला फार उशिरा कळले. परपुरुषाशी ती बोलू शकत नव्हती आणि वकील तर सगळेच पुरुष. मग तिने सल्ला घ्यावा तरी कोणाचा? ही घटना पाहणाऱ्या लहानग्या कॉर्नेलियेला आईने सांगितले की अशा स्त्रियांना साहाय्य करायचे असेल, तर कायदा शिकावा लागेल. पुढे आत्मचरित्र लिहिताना कॉर्नेलियाबाईंनी आपल्या साऱ्या जीवनकार्याचा उगम या प्रसंगात पाहिला.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पडदानशीन स्त्रीच्या सहीच्या कागदाबाबत इंग्रजी न्यायालये सावध नव्हती असे नाही. तिला कागदातील मजकूर नीट समजला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कागदाचा लाभ घेणाऱ्यावरच असते, असे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने घालून दिले होते. परंतु तिची बाजू न्यायालयापर्यंत पोहोचली, तरच त्या तत्त्वाचा उपयोग. पडद्याआडच्या बाईला समोर बसून कागद समजावून सांगील अशी कायदा जाणणारी स्त्री देशात एकही नव्हती. नेमकी हीच उणीव भरून काढण्याचे कॉर्नेलियांनी मनाशी ठरविले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या दाखल झाल्या, तेव्हा शेकडो मुलांत त्या एकट्याच मुलगी होत्या. मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना प्रवेश देऊन त्या वेळी फारशी वर्षे लोटली नव्हती. बी. ए. च्या परीक्षेत त्यांनी प्रथम वर्ग मिळविला आणि विद्यापीठाच्या अगदी पहिल्या स्त्री पदवीधरांत त्यांची गणना झाली. एवढ्या गुणांवर इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. मिळाली नाही. ती पुरुषांसाठी आहे, असे उत्तर आले. गुणपत्रिका तीच, नियमावली तीच. नियम लिहिताना स्त्री इतके गुण मिळवील ही कल्पनाच कोणाच्या मनाला शिवली नव्हती, एवढेच.

आता पैसे कोठून आणायचे? मिशनरी वडिलांचे उत्पन्न बेताचे आणि घरात शिकणारी भावंडे बरीच. कॉर्नेलियांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजीच्या अध्यापनाची नोकरी धरली. विशी नुकतीच ओलांडलेली एक तरुणी महाविद्यालयीन मुलग्यांना शिकवते आहे, हे दृश्य 1888 साली लोकांनी कुतूहलाने पाहिले. वेतनातून त्या प्रवासासाठी पैसे साठवू लागल्या. तिकडे इंग्लंडमध्ये लेडी मेरी हॉबहाउस यांनी ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रात पत्र लिहून या हिंदी मुलीसाठी मदतीचे आवाहन केले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न यांच्यासारख्या थोरांनी त्या निधीला हातभार लावला. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलनेही शिष्यवृत्ती देऊ केली. सॉमरव्हिलची स्थापना 1879 मध्ये झाली होती आणि तेथे प्रवेशासाठी कोणत्याही विशिष्ट पंथाची अट नव्हती.

त्याच सुमारास आणखी दोन तरुण मुंबईच्या धक्क्यावरून इंग्लंडला निघाले होते, हे सहज आठवते. सप्टेंबर 1888 मध्ये मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी गेले. विवाहाच्या गाजलेल्या खटल्यातून बाहेर पडलेल्या रखमाबाई 1889 मध्ये वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी गेल्या. गांधीजींच्या मार्गात जातीचा बहिष्कार आला, पैशांची ओढाताण आली, आईला दिलेली वचने आली. पण इनर टेम्पलचे दार मात्र त्यांच्यासाठी उघडे होते. ठरलेली सत्रे पुरी करायची, म्हणजे प्रत्येक सत्रात ठरावीक भोजनांना हजर राहायचे, रोमन कायदा आणि इंग्रजी कायदा या विषयांच्या परीक्षा द्यायच्या, की बॅरिस्टर. कॉर्नेलियांना हा सरळ रस्ताही बंद होता, कारण इंग्लंडच्या कोणत्याही ‘इन’मध्ये तेव्हा स्त्रीला प्रवेश नव्हता. म्हणून त्यांना विद्यापीठाचाच मार्ग धरावा लागला.

1889 मध्ये त्या इंग्लंडला पोहोचल्या आणि ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्डचे पहिले सत्र सुरू झाले. ऑक्सफर्डच्या सत्रांची नावे आपल्या वाचकांना परकी वाटणार नाहीत. पहिले सत्र मायकलमस, म्हणजे 29 सप्टेंबरच्या महादूत मायकलच्या सणावरून आलेले. दुसरे हिलरी, पॉइटिएच्या संत हिलरींच्या नावाचे. आणि तिसरे ट्रिनिटी, पवित्र त्रैक्याच्या नावाचे. इंग्लंडच्या राजाने रोमशी नाते तोडून साडेतीन शतके झाली होती, तरी विद्यापीठाचे वर्ष संतांच्या सणांवरच मोजले जात होते. आजही तसेच मोजले जाते.

कॉर्नेलिया साडी नेसूनच ऑक्सफर्डमध्ये वावरल्या. काठापदराची रेशमी साडी, पदर डोक्यावरून घेतलेला, असे त्यांचे छायाचित्रातील रूप परिचित आहे. ही साडी एकदा मोठ्या गमतीचे कारण ठरली. एका धर्मनिष्ठ इंग्रज बाईंना त्यांच्याकडे पाहून ही मुलगी ख्रिस्ती असेल असे वाटेनाच. ती अगदी विधर्मी दिसते, असे त्यांनी तोंडावर सांगून टाकले. जन्मापासून ख्रिस्ती असलेल्या आणि मिशनरी पित्याच्या घरात वाढलेल्या कॉर्नेलियांनी तो किस्सा घरच्यांना कळविला आणि साडी काही सोडली नाही. लुगडे नेसून मिस्साला जाणाऱ्या आपल्या आज्यांना त्यांचे हे वागणे पूर्ण पटले असते.

आता अभ्यासाविषयी. हितचिंतकांचा कल असा होता की या मुलीने साहित्य शिकावे आणि मायदेशी जाऊन शिक्षिका व्हावे. आरंभी त्यांच्या वाट्याला साहित्यच आले. कायदा मिळवायला त्यांना झगडावे लागले आणि 1890 मध्ये तो मिळाला. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट हे ग्रीक विद्येचे प्रकांड पंडित. त्यांनी या मुलीचा हट्ट समजून घेतला आणि तिला आपले पाठबळ दिले. त्यांच्या घरच्या भोजनांना इंग्लंडमधील नामांकित मंडळी येत. तेथे कॉर्नेलियांच्या अनेक ओळखी झाल्या.

त्यांनी निवडलेली पदवी होती बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ. नावात बॅचलर असले, तरी ही पदवी पदव्युत्तर दर्जाची आणि विद्यापीठातील कायद्याची अत्यंत कठीण परीक्षा मानली जाई. रोमन कायदा, न्यायशास्त्राची तत्त्वे, इंग्रजी कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा असा तिचा आवाका होता. ज्या मुलीने भारतात कायद्याचे एकही वर्ष केले नव्हते, तिने थेट या परीक्षेवर नजर ठेवावी, हे धाडसच होते. शांतपणे विचार केला, तर ते थोडे अविचाराचेही होते, असे म्हणावेसे वाटते. पायाभरणीसाठी लागणारी वर्षे त्यांच्यापाशी नव्हती आणि निधीतील पैसेही अमर्याद नव्हते.

शिकविणारे मात्र लाभले ते अव्वल. घटनाशास्त्राचे जाणकार ए. व्ही. डायसी, करारांच्या कायद्यावर अधिकाराने लिहिणारे सर फ्रेडरिक पोलॉक, कलकत्ता उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश आणि ऑक्सफर्डमध्ये भारतीय कायदा शिकविणारे सर विल्यम मार्कबी, अशी ही मंडळी. पुरुषांच्या व्याख्यानांना स्त्री विद्यार्थिनीने एकटीने जाऊ नये अशी तेव्हाची रीत होती. सोबतीला कोणी प्रौढ स्त्री हवीच. विचार करा, रोमन कायद्यावरचे तासाचे व्याख्यान, आणि शेजारी केवळ सोबतीसाठी बसलेली एक बाई! तिच्या सहनशीलतेचेही कौतुक करायला हवे.

पुस्तकांचा प्रश्न ऑल सोल्स कॉलेजने सोडविला. या महाविद्यालयाचे नाव मृतभाविकांच्या स्मरणार्थ आहे. शंभर वर्षांच्या युद्धात पडलेल्यांच्या आत्म्यांसाठी तेथे प्रार्थना व्हावी, म्हणून कँटरबरीचे आर्चबिशप हेन्री चिचेली यांनी 1438 मध्ये राजा सहावा हेन्री याच्यासह ते स्थापन केले होते. तेथील कायद्याचे समृद्ध ग्रंथालय तेव्हा कॉड्रिंग्टन ग्रंथालय म्हणून ओळखले जाई. कॉड्रिंग्टन यांची संपत्ती गुलामांच्या श्रमांवर उभी असल्यामुळे महाविद्यालयाने 2020 मध्ये ते नाव वापरणे थांबविले. महाविद्यालयाचे प्रमुख सर विल्यम ॲन्सन यांनी कॉर्नेलियांना तेथे बसून वाचण्याची मुभा दिली. त्या ग्रंथालयाच्या त्या पहिल्या स्त्री वाचक ठरल्या.

1892 चे ट्रिनिटी सत्र आले आणि खरी परीक्षा सुरू झाली, ती प्रश्नपत्रिका हाती पडण्यापूर्वीच. लंडनहून येणाऱ्या परीक्षकाने स्त्रीची परीक्षा घेण्यास नकार दिला. विद्यापीठाचे नियम स्त्रीला या परीक्षेला बसण्याची मुभा देत नाहीत, हे त्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नव्हते. मग तोडगा सुचविण्यात आला की त्यांनी सॉमरव्हिलमध्येच वेगळे बसून पेपर लिहावेत. कॉर्नेलियांनी तो स्वीकारला नाही. खोलीत बसून दिलेल्या परीक्षेला भारतात कोणी विचारणार नाही, हे त्या ओळखून होत्या. मुलगे जेथे बसतात तेथे, त्याच वेळी, तेच पेपर, एवढीच त्यांची मागणी होती. अखेर परीक्षा अगदी तोंडावर आली असताना विद्यापीठाच्या सभेपुढे खास ठराव मांडण्यात आला आणि तो संमत झाला. जून 1892 मध्ये कॉर्नेलिया सोराबजी पुरुष विद्यार्थ्यांच्या बरोबरीने परीक्षागृहात बसल्या. ऑक्सफर्डमध्ये ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

निकाल लागला तो तृतीय वर्गाचा. मुंबईत प्रथम वर्ग मिळविणाऱ्या मुलीला हा घाव लागला नसेल असे कसे म्हणावे? कौतुकाने लिहिलेली चरित्रे या ठिकाणी वाक्य आवरते घेतात. मला मात्र हा तृतीय वर्ग फार मोलाचा वाटतो. कायद्याची पूर्वपीठिका नाही, हवा परकी, परीक्षेला बसता येईल की नाही हेच शेवटच्या घटकेपर्यंत अनिश्चित; आणि तरीही ती मुलगी उत्तीर्ण झाली. पदवी मात्र मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला तो 1920 मध्ये. कॉर्नेलियांनी आपली पदवी प्रत्यक्ष स्वीकारली ती 1922 मध्ये, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. तोवर त्या पंचावन्न वर्षांच्या झाल्या होत्या, आणि जॉवेटसाहेबांना जाऊन एकोणतीस वर्षे होत आली होती.

परीक्षेनंतर त्यांनी लंडनमध्ये ली अँड पेंबर्टन या सॉलिसिटरांच्या कचेरीत काही काळ प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला आणि 1893 मध्ये त्या मायदेशी परतल्या. येथे पुन्हा तेच. संस्थानी प्रदेशांतील एजन्सीच्या न्यायालयांत खास परवानगीने त्यांना काम चालविता येई, पण ब्रिटिश न्यायालयांत वकील म्हणून नाव नोंदवता येत नव्हते. 1896 मध्ये पुण्याच्या न्यायालयात त्या एका स्त्री आरोपीच्या बचावासाठी उभ्या राहिल्या. ब्रिटिश न्यायालयात असे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री समजल्या जातात. संस्थानातील एक अजब दावा त्यांनीच आत्मचरित्रात रंगवून सांगितला आहे. त्यात फिर्यादी चक्क एक हत्ती होता. त्याला पूर्वीच्या राजाने दिलेली बाग नव्या राजाने काढून घेतली होती. न्याय देणारा तोच राजा! त्याच्या कुत्र्याने कॉर्नेलियाबाईंशी स्नेह दाखविला आणि एवढ्यावर निकाल हत्तीच्या बाजूने लागला. असल्या विजयाचा त्यांना आनंद झाला नाही, उलट संकोच वाटला. कायदा शिकलेल्या माणसाला तो वाटायचाच.

त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. केली, अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. तरीही सनद नाही. मग त्यांनी सरकारकडेच मागणी लावून धरली की पडदानशीन स्त्रियांसाठी स्त्री कायदे-सल्लागार नेमावी. 1904 मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढे बिहार, ओरिसा आणि आसामपर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र विस्तारले. पालखीतून, होडीतून, प्रसंगी हत्तीवरून त्या दूरदूरच्या हवेल्यांत जात. जनानखान्यात बसून विधवांचे हिशेब तपासत, अज्ञान वारसांच्या शिक्षणाची व्यवस्था लावत, कज्जे सामोपचाराने मिटवत. सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया आणि बालकांना त्यांनी मार्गदर्शन केले. आईच्या दिवाणखान्यातील त्या विधवेला जे मिळाले नव्हते, ते या सहाशे जणांना मिळाले.

1921 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने अखेर त्यांचे नाव वकील म्हणून नोंदवून घेतले. 1923 मध्ये कायदाच झाला आणि भारतीय स्त्रियांना वकिलीचा मार्ग खुला झाला. त्याच वर्षी लंडनच्या लिंकन्स इननेही त्यांना बॅरिस्टर म्हणून सनद दिली. त्यांनी कलकत्त्यास वकिली सुरू केली. पण साठीकडे झुकलेल्या या बाईंकडे पुरुष सॉलिसिटर कामे देईनात. पुष्कळदा नुसती लेखी मते देण्यावर समाधान मानावे लागले.

त्यांच्या जीवनाची एक बाजू सांगितल्याशिवाय हे चरित्र प्रामाणिक होणार नाही. स्वातंत्र्य चळवळ त्यांना मान्य नव्हती. गांधीजींवर त्यांनी टीका केली आणि इंग्रजी राज्याचे समर्थन केले. कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेचे ‘मदर इंडिया’ हे भारताची निंदा करणारे पुस्तक 1927 मध्ये आले, तेव्हा त्यांनी मेयोबाईंना साथ दिली. त्यामुळे देशी समाज त्यांच्यापासून दुरावला आणि त्यांनी उभ्या केलेल्या समाजकार्यालाही धक्का बसला. पडद्याआडचे दुःख त्यांनी जवळून पाहिले होते. शिक्षणाआधी स्वराज्य आले तर या स्त्रियांचे काय होईल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण ज्या सरकारने केवळ स्त्री म्हणून त्यांची शिष्यवृत्ती नाकारली, त्याच सरकारवर त्यांनी एवढा विश्वास का ठेवावा, याचे कोडे उलगडत नाही. स्वतंत्र भारत त्यांना दीर्घकाळ विसरला, त्यामागे हेही एक कारण असावे.

1929 मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला स्थायिक झाल्या. ‘इंडिया कॉलिंग’ हे आत्मचरित्र 1934 मध्ये प्रसिद्ध झाले. आईवडिलांवर आणि भगिनी सुसीवरही त्यांनी पुस्तके लिहिली. त्या आजन्म अविवाहित राहिल्या. उतारवयात दृष्टी अधू झाली, मनाचा तोलही ढळला, आणि 6 जुलै 1954 रोजी लंडनमधील एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. 2012 मध्ये लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. त्यांचे भाचे, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक रिचर्ड सोराबजी यांनी 2010 मध्ये त्यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले.

ऑक्सफर्डमधून कॉर्नेलिया पुण्याला आईवडिलांना नियमित पत्रे लिहीत. व्याख्याने, थंडी, खर्च, कोणी काय म्हटले, परीक्षेची धास्ती, सारे त्यांत आहे. ती पत्रे घरच्यांनी जपून ठेवली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.